भरलेली पोटरी, दुबळे पाऊल
आनुवंशिक स्नायुविकाराविषयी शिक्षकांसाठी एक पाठ

१. पाठाचा हेतू

धावण्याच्या शर्यतीत शेवटी येणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्यात विशेष असे काही नाही. परंतु क्वचित एखादा मुलगा असा आढळतो की, तो केवळ शेवटी येत नाही. त्यास धावताच येत नाही. आपण धावत आहो असे त्याला वाटते, पण पाहणाऱ्यास ते डावीउजवीकडे झुलत केलेले घाईचे चालणे दिसते. प्रार्थना आटोपून सर्व मुले वर्गाकडे निघतात, तेव्हा हा अजून जमिनीवर हात टेकून असतो. व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढताना तो गुडघ्यावर तळहात दाबतो. सपाट वाटेवरही पडतो. आणि पाहावे तर त्याच्या पोटऱ्या तालमीत जाणाऱ्या पोरासारख्या भरलेल्या! मग शिक्षक सहजच बोलून जातो, 'अंगात ताकद आहे. पण पोर कामचुकार आहे.'

ज्या मुलाच्या बाबतीत हे वाक्य सर्वस्वी खोटे असते, त्या मुलाची ओळख शिक्षकबंधुभगिनींस करून द्यावी, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण या विकारास जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशास लागू पडत असेल. शरीराचा आकार व वजन यांवरून येथे फसगत होते. शरीर काय करू शकते हे पाहिले म्हणजे खरे कळते. आणि मूल काय करू शकते हे रोज पाहण्याची संधी, आईबापांच्या खालोखाल, शिक्षकासच मिळते.

२. शरीर कशाचे बनले आहे?

तराजूवर उभे राहिले असता जो आकडा दिसतो, तो हाडे, स्नायू, मेद, आतडी, रक्त, पाणी या सर्वांची बेरीज असतो. या घटकांचे आपापसांतील प्रमाण म्हणजे शरीराची घडण. निरोगी प्रौढ पुरुषाच्या वजनात सुमारे चाळीस टक्के वाटा केवळ स्नायूंचा असतो. बसणे, उठणे, चालणे, घास चावणे, श्वास घेणे ही सर्व कामे स्नायूच करतात. मेदही शरीरास हवाच; तो शक्तीचा साठा होय. परंतु मेद आकुंचन पावत नाही, ओढत नाही, उचलत नाही. स्नायू बैलाप्रमाणे गाडा ओढतो. मेद हा त्या गाड्यातील भार असतो.

आता दोन मुलांची कल्पना करू. दोघेही दहा वर्षांचे, सारख्या उंचीचे आणि २६ किलो वजनाचे. पहिल्याच्या शरीरात ९ किलो स्नायू, ५ किलो मेद आणि हाडे व इतर अवयव मिळून १२ किलो. दुसऱ्याच्या शरीरात हाडे व इतर अवयव तेवढेच १२ किलो, परंतु स्नायू केवळ ४ किलो आणि मेद १० किलो. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. दोघांच्या वजनाची नोंद आरोग्यपत्रकात एकच होईल. वजनास उंचीच्या वर्गाने भागून काढलेला, बीएमआय या नावाने ओळखला जाणारा निर्देशांकही दोघांचा एकच येईल. पत्रकाच्या दृष्टीने दोघेही सारखेच सुदृढ! प्रत्यक्षात मात्र दुसऱ्याचा भार तेवढाच असून तो ओढणारे बैल निम्म्याहून कमी आहेत. असा मुलगा धावू शकत नाही यात नवल नाही. तो उभा राहतो हेच कौतुकाचे आहे.

३. विकाराचे स्वरूप

स्नायूंस जन्मतः ग्रासणाऱ्या आनुवंशिक विकारांचा एक मोठा गट आहे. त्यास मस्क्युलर डिस्ट्रॉफी असे म्हणतात. त्यांपैकी लहान वयात सर्वाधिक आढळणारा व गंभीर असा विकार ड्यूशेन या नावाने ओळखला जातो. जन्मणाऱ्या सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. म्हणजे एखाद्या शिक्षकास सबंध नोकरीत असा एकही विद्यार्थी भेटणार नाही. परंतु जिल्ह्यातील सर्व शाळा मिळून असे विद्यार्थी असतातच, आणि ज्याच्या वर्गात तो असेल त्याने त्यास ओळखले पाहिजे.

स्नायू हा असंख्य सूक्ष्म तंतूंचा जुडगा असतो. प्रत्येक तंतूभोवती पातळ आवरण असते. स्नायू आखडताना व ताणला जाताना या आवरणावर सतत ओढ बसते. ती सोसता यावी म्हणून आवरण आणि तंतूच्या आतील सांगाडा यांस जोडून धरणारे एक प्रथिन असते. त्याचे नाव डिस्ट्रॉफिन. ड्यूशेन विकारात हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यामुळे रोजच्या साध्या हालचालींनीही आवरणास बारीक चिरा पडतात आणि तंतू मरू लागतात.

शेताच्या बांधाचे उदाहरण घेतल्यास हे सहज ध्यानात येईल. बांध कच्चा असेल तर प्रत्येक पावसात तो थोडा फुटतो. शेतकरी तो पुनःपुन्हा घालतो. प्रारंभी नुकसान भरूनही निघते. परंतु वर्षानुवर्षे हेच चालले म्हणजे काळी माती वाहून जाते आणि जेथे पीक डोलत होते तेथे हरळी माजते. लांबून पाहणाऱ्यास शेत हिरवेच दिसते. मात्र खळ्यावर दाणा येत नाही. शरीरातही असेच घडते. लहान वयात मेलेल्या तंतूंच्या जागी नवे तंतू येतात; पुढे ही दुरुस्ती अपुरी पडते आणि स्नायूची जागा मेद व तंतुमय ऊती घेतात. पोटरी भरलेली दिसते ती यामुळे. प्रारंभी काही तंतू खरोखरच फुगलेले असतात, परंतु पुढे त्या गोलाईत बळ उरत नाही.

४. हे ज्ञान कसे झाले?

१८५१ साली लंडनमध्ये एडवर्ड मेरियन या वैद्याने एकाच कुटुंबातील अनेक मुलग्यांस होणाऱ्या या विकाराचे वर्णन केले. मृत मुलाच्या शरीराची तपासणी करून त्याने दाखवून दिले की, मज्जारज्जू व नसा निरोगी आहेत. दोष स्नायूंतच आहे. पुढे फ्रान्समधील ड्यूशेन यांनी १८६८ साली तेरा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. स्नायूचा बारीक तुकडा जिवंत रुग्णाच्या शरीरातून काढता यावा यासाठी त्यांनी एक खास सुई तयार केली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्यात मेद व तंतुमय ऊती आढळल्या. म्हणूनच त्यांनी या विकाराच्या नावात 'स्नायूंची खोटी पुष्टी' या अर्थाचा शब्द योजला. १८७९ साली इंग्लंडमधील विल्यम गॉवर्स यांनी अशी मुले जमिनीवरून कशी उठतात याचे तंतोतंत वर्णन केले. त्यास आजही गॉवर्सचे चिन्ह म्हणतात.

या सर्वांनी रोग ओळखला, परंतु त्याचे मूळ कळण्यास आणखी एक शतक जावे लागले. १९८६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत या विकाराशी संबंधित जनुक सापडले आणि १९८७ साली त्या जनुकापासून बनणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन ओळखले गेले. मानवी शरीरातील सर्वांत लांबलचक जनुकांपैकी हे एक आहे. एवढ्या लांब लेखनात एखादी चूक होण्याचा संभवही अधिक, हे शुद्धलेखनाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांस निराळे सांगावयास नको.

५. एक कबुली

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे उचित होईल. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरीच्या वर्गातील एक मुलगा कवायतीत मुद्दाम मागे राहतो, अशी माझी समजूत झाली. मी त्यास रोज पंचवीस उठाबशा काढावयास सांगितल्या. तो आठ-दहापर्यंत जाई, मग खाली बसे आणि स्वतःचेच पाय दोन्ही हातांनी धरून शिडी चढावी तसा वर येई. वर्ग हसे. मीही कधी कधी हसलो. त्याने एकदाही तक्रार केली नाही. 'गुरुजी, उद्या पंधरा काढीन,' एवढेच तो म्हणे. दोन वर्षांनी रोगाचे नाव कळले. तोवर त्याचा धाकटा भाऊही तसाच उठू लागला होता. गॉवर्सचे चिन्ह रोज माझ्या डोळ्यांसमोर होते; मला ते वाचता येत नव्हते. दुसऱ्या कोणा शिक्षकावर ही पाळी येऊ नये, म्हणून हा प्रपंच.

६. शिक्षकाने काय पाहावे?

निदान करणे हे वैद्याचे काम आहे. शिक्षकाने केवळ नीट पाहावे, टिपून ठेवावे आणि योग्य ठिकाणी कळवावे. पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

(अ) जमिनीवरून उठणे. मूल आधी पालथे होते, हातपाय टेकून ओणवे होते, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर असे स्वतःच्या पायांवर हात चढवीत ताठ होते. कंबर व मांड्या यांच्या स्नायूंतील बळ कमी झाले की हातांची मदत घ्यावी लागते.

(आ) पायऱ्या. कठड्याचा आधार घेणे, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणणे, गुडघा हाताने दाबणे.

(इ) चाल. टाचा न टेकता चवड्यांवर चालणे, बदकासारखे झुलणे, पोट पुढे व कंबर आत गेलेली असणे.

(ई) धावणे व उडी. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून न उचलणे, वारंवार पडणे.

(उ) मान. उताणे निजले असता डोके वर उचलता न येणे.

(ऊ) पूर्वेतिहास. मूल दीड वर्षाचे होऊनही चालू लागले नव्हते काय? आईच्या भावांत वा मावशीच्या मुलांत कोणी असा होता काय?

यांपैकी एखादेच लक्षण दिसल्यास लगेच घाबरून जाऊ नये. अशक्त वा नुकत्याच आजारातून उठलेल्या मुलातही तसे दिसू शकते. परंतु अनेक लक्षणे एकत्र दिसत असतील आणि काही महिन्यांत ती कमी न होता वाढत असतील, तर उपेक्षा करू नये.

येथे आणखी एका फसगतीचा उल्लेख करणे जरूर आहे. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान अशी काही मुले थोडी सुधारल्यासारखी भासतात. वाढीचे वय असल्याने नवी कौशल्ये येतात आणि विकाराचा उतार त्या चढणीखाली झाकला जातो. आईबापांस वाटते, 'पोर आता सुधारतेय.' पुढे चढण संपते व उतार उघडा पडतो. उपचार न झाल्यास बहुतेक मुलांचे चालणे बारा-तेरा वर्षांच्या आत थांबते. म्हणून पहिलीत केलेली नोंद दुसरीच्या व तिसरीच्या शिक्षकापर्यंत पोहोचली पाहिजे.

७. वैद्य कसे मोजतात?

रक्तातील क्रिएटिन कायनेज या द्रव्याची तपासणी ही पहिली पायरी होय. फुटलेल्या स्नायुतंतूंतून ते रक्तात झिरपते. ड्यूशेन विकारात त्याचे प्रमाण सामान्याहून दहापट ते शंभरपटही असते. नंतर जनुकतपासणीने निदान पक्के होते. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी काही द्रव्ये स्नायूंतही असतात. ती वाढलेली पाहून यकृताच्या रोगाचा संशय घेतला जातो व काळ फुकट जातो, असेही घडते.

शरीराची घडण मोजण्यासाठी क्ष-किरणांवर चालणारे डेक्सा हे यंत्र वापरतात. ते मेद, हाडे व उरलेला भाग असे तीन भाग पाडते. परंतु तंतुमय ऊती त्यासही स्नायूंसारख्याच भासतात. एमआरआय तपासणीत मात्र एकेका स्नायूत मेदाने किती जागा व्यापली हे दिसते. मांडीच्या पुढील स्नायूंत मेद जसजसा वाढत जातो, तसतसे चालणे, उठणे, पायऱ्या चढणे कठीण होत जाते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

आणि इतकी यंत्रे असूनही, मूल प्रत्यक्ष काय करू शकते हे पाहण्याची जुनी रीत वैद्यकाने सोडलेली नाही. दहा मीटर अंतर किती सेकंदांत पार केले, जमिनीवरून उठण्यास व चार पायऱ्या चढण्यास किती वेळ लागला, सहा मिनिटांत किती मीटर चालले, याची मोजदाद ठरावीक काळाने करतात. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा मिनिटांत निरोगी मुलगे सरासरी ६२१ मीटर चालले, तर ड्यूशेन असलेले मुलगे सरासरी ३६६ मीटर. नॉर्थ स्टार नावाची दुसरी एक परीक्षा आहे. तिच्यात उभे राहणे, उडी मारणे, टाचांवर उभे राहणे, डोके उचलणे अशा सतरा कृती असून प्रत्येकीस दोन, एक किंवा शून्य गुण देतात. एकूण गुण ३४. शिक्षक जे मैदानावर रोज पाहतो, तेच वैद्य घड्याळ लावून पाहतो, एवढाच फरक.

८. व्यायाम, विश्रांती व उठाबशा

'व्यायामाने बळ येते' हा नियम निरोगी स्नायूस लागू आहे. ज्या तंतूचे आवरणच कच्चे आहे, त्यास जोराचा व्यायाम अपाय करतो. स्नायू ताणला जात असताना त्यानेच जोर धरून भार सावरावयाचा, अशा हालचाली अधिक घातक ठरतात. उठाबशी काढताना खाली बसणे, उंचावरून उडी मारणे, भरभर जिना उतरणे या सर्व हालचाली अशाच आहेत. म्हणजे ज्यास आपण शिस्तीचा साधा उपाय समजत आलो, ती उठाबशी या मुलाच्या मांडीचे उरलेसुरले तंतू तोडते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने मनाई केलेलीच आहे. परंतु कायदा नसता तरी हे कारण पुरेसे होते.

याचा अर्थ मुलास एका जागी बसवून ठेवावे असा नव्हे. निजून राहिल्यानेही स्नायू झिजतात व सांधे आखडतात. झेपेल तेवढे सपाट जागी चालणे, वैद्याच्या सल्ल्याने व सोबतीने पाण्यात पोहणे, टाचेमागील शीर रोज हलक्या हाताने ताणणे हे हितकर आहे. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी पाय दुखले किंवा लघवी गडद तांबूस झाली, तर तो व्यायाम अति झाला असे समजून थांबवावे व वैद्यास कळवावे. खेळाच्या तासास त्यास गुणलेखक, पंच वा घड्याळ धरणारा करावे. पण मैदानावरून घालवू नये.

९. आहार व औषध

स्नायू कमी म्हणजे शरीराची शक्तीची गरजही कमी. हालचाल घटली की ती आणखी घटते. अशा वेळी 'अशक्त आहे, भरपूर खाऊ घाला' या मायेपोटी तूप, साखर व तळलेले पदार्थ दिले गेले, तर मेद वाढतो आणि आधीच थकलेल्या बैलांवर नवा बोजा पडतो. चालणे बंद होण्याच्या सुमारास वजन वाढण्याचा संभव फार असतो. उलट पुढे, किशोरवय संपत आले असता, चावण्यागिळण्याचे स्नायू दुबळे झाल्याने मूल खंगू लागते; तेव्हा अन्न पुरेसे पोटात जाते की नाही हे पाहावे लागते. म्हणून केवळ वजनाचा आकडा पाहून 'सुधारला' किंवा 'बिघडला' असे म्हणू नये. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, भाज्या, फळे असा साधा चौरस आहार योग्य प्रमाणात द्यावा, आणि शालेय पोषण आहार वाढताना मुलास लाज वाटेल असे बोलू नये.

हा विकार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. अमेरिकेत २०१६ पासून जनुकदोषावर काम करणाऱ्या काही औषधांस मान्यता मिळाली आहे. ती अतिशय महाग असून सर्व रुग्णांस लागू पडत नाहीत. परंतु प्रेडनिसोलोन वा डिफ्लॅझाकॉर्ट ही स्टेरॉइड औषधे वैद्याच्या देखरेखीखाली घेतल्यास चालणे काही वर्षे अधिक टिकते. त्यांमुळे भूक वाढते, चेहरा गोल होतो, उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून अशा मुलाच्या गोल चेहऱ्याची थट्टा होऊ देऊ नये आणि त्यास धक्का लागून पडू देऊ नये. ही औषधे एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. सहलीस वा मुक्कामाच्या कार्यक्रमास नेताना औषध बरोबर आहे याची खात्री करावी. हृदय व श्वसन यांची तपासणीही वेळोवेळी होणे अगत्याचे असते. पूर्वी अशी मुले बहुधा विशीपर्यंत जगत. चांगल्या देखरेखीने व श्वसनाच्या यंत्राच्या साहाय्याने आज अनेकजण तिशीपर्यंत व त्यापुढेही जगतात. शिकून काम करावयास एवढे आयुष्य थोडे नव्हे. रोग हमखास बरा करण्याच्या जाहिरातींस भुलून शेत गहाण टाकू नये, हेही आईबापांस सांगणारा कोणी हवा असतो.

१०. आईबापांशी बोलताना

मुलग्यास क्ष गुणसूत्र एकच असते व ते आईकडून मिळते. डिस्ट्रॉफिनचे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे आई स्वतः बहुधा निरोगी असून वाहक असू शकते. अशा आईच्या प्रत्येक मुलग्यास विकार होण्याचा आणि प्रत्येक मुलीस वाहक होण्याचा संभव निम्मा असतो. मात्र सुमारे एकतृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. आई वाहक नसतेच. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, 'तुझ्या माहेरचा रोग' असे बोलून आईस दोष देण्याची वाईट प्रवृत्ती समाजात आहे. जनुक कोणी निवडून देत नाही. शिक्षकाने असा शब्द स्वतः उच्चारू नये व दुसऱ्यासही उच्चारू देऊ नये.

मुलींसही होणारे अन्य स्नायुविकार आहेत. त्यांतील काही आईबाप दोघेही वाहक असतील तरच होतात. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल जेथे आहे, तेथे पतिपत्नी दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. म्हणून वरील लक्षणे मुलीत दिसली तरी दुर्लक्ष करू नये.

निदान लवकर होण्याचे महत्त्व केवळ त्या एका मुलापुरते नाही. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, पहिले लक्षण ध्यानात आल्यापासून पक्के निदान होईपर्यंत सरासरी अडीच वर्षे लोटतात. एवढ्या अवधीत घरात दुसरे मूल जन्मास येते. रोगाचे नाव वेळेवर कळले, तर आईबापांस पुढील बाळाविषयी वैद्यकीय सल्ला घेता येतो, धाकट्या भावाची तपासणी होते आणि बहिणीसही मोठेपणी आवश्यक ती माहिती मिळते. शिक्षकाच्या एका चिठ्ठीचे मोल एवढे आहे.

ही चिठ्ठी कोणास द्यावी? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक शाळेत येते, तेव्हा आपली टिपणे त्यास दाखवावीत. पथक मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. पथक येण्यास अवकाश असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास भेटावे व केंद्रप्रमुखांमार्फत विशेष शिक्षकास कळवावे. चिठ्ठीत रोगाचे नाव लिहू नये. जे पाहिले तेच लिहावे. 'जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकतो, गेल्या दिवाळीपासून पायऱ्या कठडा धरून चढतो' एवढे पुरे.

११. शाळेतील व्यवस्था

(अ) या मुलाचा वर्ग तळमजल्यावर व शक्यतो फाटकाजवळ असावा. पायऱ्यांशेजारी उतरण असावी.

(आ) जमिनीवरच्या बैठकीऐवजी त्यास टेकण्याचे आसन द्यावे. उठण्यातच त्याची निम्मी शक्ती खर्च होते.

(इ) बसण्याच्या शौचालयाची सोय करावी. सोय नसल्यास ही मुले दिवसभर पाणीच पीत नाहीत.

(ई) दप्तराचे ओझे सोबत्यांत वाटावे. पुस्तकांचा एक संच शाळेत व एक घरी असल्यास उत्तम.

(उ) लेखनास अधिक वेळ द्यावा व तोंडी उत्तरे स्वीकारावीत. डिस्ट्रॉफिन मेंदूतही असते. त्यामुळे यांतील काही मुलांस ऐकलेले लक्षात ठेवणे, वाचन वा गणित जड जाते. ही अडचण स्नायूंप्रमाणे वाढत जात नाही व योग्य अध्यापनाने पुष्कळ सुधारणा होते. अनेक मुलांची बुद्धी तर सर्वसामान्यच असते.

(ऊ) चाकाची खुर्ची आली म्हणजे शाळा संपली, असे कोणी मानू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत वा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला व ओळखपत्र काढण्यास पालकांस साहाय्य करावे.

१२. समारोप

वर्गातील मुलांचे वजन व उंची आपण दरवर्षी नोंदवितो. ती नोंद आवश्यकच आहे. परंतु तिच्यातून शरीराचे माप कळते, शरीराची सत्ता कळत नाही. यापुढे त्या पत्रकाच्या कोपऱ्यात शिक्षकाने मनातल्या मनात आणखी एक रकाना आखावा : 'जमिनीवरून कसा उठतो?' त्यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. प्रार्थना संपताच सर्व मुले एकदम उठतात, तो अर्धा मिनिट पुरेसा असतो. त्या अर्ध्या मिनिटात जो मागे राहतो, त्यास हाक मारून घाई करण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्याचे हात कोठे टेकतात ते पाहावे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. दोन मुलांचे वजन व उंची सारखी असूनही त्यांच्या शारीरिक कार्यक्षमतेत मोठा फरक का पडू शकतो? वर्गातील मुलांस समजेल असे उदाहरण द्या.

२. उठाबशा या मुलांस विशेष अपायकारक का?

३. पाच ते सात वर्षांच्या वयात पालकांची कोणती फसगत होते? ती टाळण्यासाठी शाळेने कोणती नोंद ठेवावी?

४. आपल्या शाळेच्या इमारतीत चाकाच्या खुर्चीतील मुलगा फाटकापासून वर्गापर्यंत व वर्गापासून शौचालयापर्यंत कोणाच्या मदतीविना जाऊ शकेल काय? प्रत्यक्ष मोजून पाहा व आढळलेल्या अडचणी शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडा.